आधी उठे, मग निजे

ताई, नमस्कार.

मी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, हॉस्टेलवर राहते. पहिल्या वर्षी माझी झोप अगदी शहाण्यासारखी होती. गेले सहा महिने मात्र पहाटे तीन-साडेतीनशिवाय डोळा लागत नाही. अकरालाच अंथरुणात शिरते, लॅपटॉप मांडीवर, असाइनमेंट संपवायची म्हणून. बाराला लॅपटॉप मिटते, मग फोन. एकला फोन उशीखाली सरकवते. पुढे नुसती पडून राहते आणि हिशेब करत बसते. आत्ता झोप लागली तर सहा तास, आत्ता लागली तर पाच तास वीस मिनिटं, आत्ता लागली तर चार. समोरच्या पलंगावर रूममेट निवांत घोरत असते, तिचा इतका राग येतो की काय सांगू.

सकाळी आठचं लेक्चर असतं. पाच अलार्म लावते, पाचही बंद करते आणि बंद केल्याचं आठवतही नाही. या सत्रातली सकाळची निम्मी लेक्चर्स बुडालीत. शनिवार-रविवार दुपारी दोनपर्यंत गाढ झोपते, तरी सोमवारी पुन्हा तेच. दिवस कॉफीवर ढकलते, शेवटचा कप संध्याकाळी साडेसातच्या सुमारास. परीक्षा जवळ आली की रात्री छातीत धडधडतं. वाचलेलं लक्षात राहत नाही. शाळेत मी हुशार म्हणून ओळखली जायचे. आता वर्गात मागे बसते, म्हणजे कोणी काही विचारायला नको. सकाळी आईचा फोन येतो, मी झोपेतच 'लेक्चरला चाललेय' म्हणते आणि पुन्हा कूस बदलते. कधी कधी वाटतं, सकाळ झालीच नाही तर बरं होईल. मैत्रिणीने तिच्या आजीची झोपेची गोळी दिलीय. अजून घेतली नाही, ड्रॉवरमध्ये आहे.

मी आळशी आहे का? की माझ्या डोक्यात काही बिघडलंय? रात्री दहाला झोप लागेल असा काहीतरी उपाय सांगा.

घुबड

* * *

प्रिय घुबड,

तुझी मेल पहाटे 3 वाजून 12 मिनिटांनी आली होती, त्यामुळे सही करायची तशी गरज नव्हती.

तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी तीनदा वाचलं. अलार्म, कॉफी, रूममेटचं घोरणं या सगळ्या गर्दीत तू ते हळूच सरकवून दिलंस: सकाळ झालीच नाही तर बरं होईल. असं वाक्य दिसलं की झोपेचं बाकी सगळं बाजूला ठेवावं लागतं. म्हणून पत्र छापायच्या आधीच तुला सरळ विचारलं होतं, जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार येतात का? तू कळवलंस की तसं नाही, मरायचं नाहीये, सकाळी उठून सगळ्यांना तोंड दाखवणं नको वाटतं. तुझ्या शब्दावर माझा विश्वास आहे. पण हे वाचणाऱ्यांपैकी कोणाचं उत्तर 'हो' असेल, तर त्यांनी खालचं काहीही वाचत बसू नये. शेजारच्या पलंगावर जी कोणी झोपली असेल तिला हलवून उठवावं आणि जे मनात आहे ते त्याच शब्दांत सांगावं. कोणीच जवळ नसेल तर हेल्पलाइनला किंवा आपत्कालीन सेवेला फोन करावा. त्यासाठी उजाडायची वाट बघू नये. अशा कारणाने झोपमोड झाली म्हणून कोणी रागावत नाही. आणि घुबडा, तुझंही उत्तर उद्या बदललं तर हेच तुलाही लागू.

आता तुझा प्रश्न. आळशी आहेस का? आळशी माणूस रात्री तीनपर्यंत हिशेब करत नाही, पडल्या पडल्या झोपतो.

तुझ्या मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांच्या नसा जिथे एकमेकींना ओलांडून जातात त्याच्या अगदी वर, सुमारे 20,000 पेशींचा एक बारीक ठिपका आहे. शरीराचं मुख्य घड्याळ ते. कधी गुंगी यायची, कधी अंग थंड पडायचं, पहाटे कोणतं संप्रेरक कधी सोडायचं, हे सगळं तिथून ठरतं. गंमत अशी की माणसाचं हे घड्याळ सरासरीने चोवीस तासांपेक्षा दहा-बारा मिनिटं मागे पडत जाणारं आहे. म्हणजे त्याला रोज थोडं पुढे ढकलावं लागतं, आणि ढकलण्याचं काम मुख्यतः सकाळचा उजेड करतो. उजेड चुकला की घड्याळ रोज थोडं थोडं उशिराकडे घसरतं. त्यातून तुझं वय. लहान मुलं कोंबड्यासोबत उठतात हे तू पाहिलं असशील. वयात येताना घड्याळ उशिराकडे सरकायला लागतं आणि विशीच्या आसपास ते सर्वांत उशिरावर असतं. तिथून पुन्हा हळूहळू परतीचा प्रवास. अशा वयाच्या मुलांना सकाळी आठला वर्गात बसवायचं कोणी ठरवलं, देव जाणे. बहुधा पन्नाशीच्या कोणीतरी.

ही झाली एक गोष्ट. दुसरी आहे झोपेची भूक. जागेपणी मेंदूत अ‍ॅडिनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि जितकं साठेल तितकी झोप दाटते. झोपलो की ते उपसलं जातं. घड्याळ आणि भूक अशा या दोन दोऱ्या असतात. अलेक्झांडर बोर्बेली या शास्त्रज्ञाने 1982 मध्ये हे चित्र मांडलं आणि आजही झोपेचे डॉक्टर त्याच चित्रावर बोट ठेवून समजावतात. दोन्ही दोऱ्या एकाच वेळी ताणल्या गेल्या की डोळा लागतो.

आता तुझा रविवार घे. दुपारी दोनला उठतेस, रात्री अकराला अंथरुणात शिरतेस. जागी किती होतीस? नऊ तास. आठ वाजता उठणाऱ्या माणसाला संध्याकाळी पाचला झोपायला सांगितलं तर तो काय करेल? जे तू करतेस तेच, छताकडे बघेल. त्यात साडेसातची कॉफी. कॅफीन झोपेची भूक भागवत नाही. अ‍ॅडिनोसिन जिथे जाऊन बसतं ती खुर्ची फक्त अडवून ठेवतं. पोटात गेलेल्या कॅफीनपैकी निम्मं बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे साडेबाराला तुझा अर्धा कप अजून शिल्लक असतो. आणि घड्याळाचं म्हणशील तर आठवड्यात पाच दिवस तू त्याला सांगतेस की आठच्या लेक्चरला उठायचंय, आणि दोन दिवस सांगतेस की दोनला. सहा तासांचा फरक. विमानात न बसता दर शुक्रवारी सहा तास पश्चिमेला जायचं आणि सोमवारी परत यायचं. याला संशोधकांनी सोशल जेटलॅग असं नाव दिलंय आणि ते मला फार चपखल वाटतं, कारण सोमवारी सकाळी तुझा चेहरा विमानतळावर रात्र काढलेल्या माणसासारखाच होत असणार.

म्हणजे डोक्यात काही बिघडलेलं नाही. तू दोन्ही दोऱ्या ढिल्या सोडतेस आणि मग झोपेच्या नावाने हाका मारत बसतेस.

'लवकर निजे लवकर उठे' ही म्हण आपण सगळे ऐकत मोठे झालो. मला तिच्याबद्दल एकच तक्रार आहे, तिच्यातला क्रम उलटा आहे. लवकर निजणं कोणाच्याही हातात नसतं. अंथरुणावर पडणं हातात असतं, झोप लागणं नसतं. उलट उठणं मात्र, कितीही जिवावर आलं तरी, हातात असतं. पाय जमिनीवर टेकवता येतात. म्हणून रात्री दहाचा उपाय मी तुला देणार नाही. तू मागितलास ते चुकीच्या टोकाला धरून मागितलास. तुला देते सकाळची सातची वेळ. सातही दिवस, रविवारी पण. उशिरा झोपलीस तरी सात, रडून झोपलीस तरी सात, झोपच लागली नाही तरी सात.

ओरडू नकोस, पुढचं ऐक. पहिला आठवडा वाईट जाणार आहे. दुपारी पेंग येईल, चिडचिड होईल. त्या दिवसांत गाडी चालवू नकोस. पण चौथ्या-पाचव्या रात्री झोपेची भूक साठून साठून अशी लागेल की हिशेब दुसऱ्या ओळीवर जायच्या आत संपेल. आणि रात्री साडेबाराच्या आत अंथरुणाकडे फिरकायचंच नाही. हो, बरोबर वाचलंस, झोप येत नाही म्हणून तक्रार करणाऱ्या मुलीला मी उशिरा झोपायला सांगते आहे. अकरा ते तीन तू अंथरुणात जागी असतेस, ते चार तास अंथरुणातून काढून टाकायचे आहेत. साडेबारा ते सात लागून झोप यायला लागली की दर आठवड्याला पंधरा मिनिटं अलीकडे ये. तुझ्या वयाला सात ते नऊ तास लागतात, तेव्हा साडेअकरा-बारापर्यंत पोचलीस की तिथे थांब. दहाचं स्वप्न सोडून दे, विशीत ते फार थोड्यांच्या नशिबी असतं. (अपस्माराचा किंवा बायपोलरचा त्रास असणाऱ्यांनी हा झोप आखडण्याचा प्रयोग डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. त्यांना कमी झोप महागात पडते.)

उठलीस की उजेडात जा. खिडकीपाशी उभं राहण्याने भागत नाही, बाहेरच. खोलीतल्या दिव्याखाली शंभर-दोनशे, फार तर पाचशे लक्स उजेड असतो. ढगाळ आभाळाखालीसुद्धा तो काही हजारांवर जातो. डोळ्याला हा फरक फारसा जाणवत नाही, त्या ठिपक्याला मात्र बरोबर कळतो. वीस मिनिटं चाल, नुसती उभी राहा, दात घासत उभी राहिलीस तरी चालेल. कॉफीचा शेवटचा कप दुपारी दोनच्या आत. दुपारी अगदी असह्य झालं तर तीनच्या आधी वीस मिनिटांची डुलकी घे, बसल्या बसल्या. आडवी झालीस की संपलं.

आता तुझ्या अंथरुणाबद्दल. मला वाटतं खरं दुखणं तिथे आहे, म्हणून जरा रेंगाळते.

हॉस्टेलच्या खोलीत पलंग म्हणजे सगळंच असतं, हे मला ठाऊक आहे. तिथेच जेवायचं, तिथेच असाइनमेंट, तिथेच मैत्रिणींची मैफल, तिथेच रडणं. भिंतीला टेकून, पांघरूण कमरेपर्यंत, चार्जरची वायर उशीखालून, आणि मांडीला लॅपटॉपचा चटका. सहा महिने रोज तू या जागी काळजी केलीस. त्यामुळे आता गादीला पाठ लागली की शरीर समजतं, चला, काळजीची वेळ झाली. तुलाही हे जाणवलं असेल की खुर्चीत पुस्तक घेऊन बसलं की डोळे मिटायला लागतात आणि पलंगावर आडवं झालं की टक्क उघडतात. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने 1972 मध्ये यावरच एक साधी पद्धत मांडली. ती आजही निद्रानाशाच्या उपचाराचा कणा आहे. पलंग फक्त झोपेसाठी ठेवायचा, आणि झोप येत नसेल तर त्यावर पडून राहायचं नाही.

खोलीत दुसरी जागा नाही म्हणशील. खुर्ची असेलच. नसेल तर दिवसा गादीवर एक चादर अंथर आणि उशी कपाटात टाक, म्हणजे तो बसायचा ओटा झाला. अभ्यास पायथ्याच्या टोकाला बसून, पाठ भिंतीला न लावता. रात्री चादर काढून उशी आणलीस की तो पलंग झाला. पोरखेळ वाटेल, पण आपलं शरीर अशा खुणांवर फार भोळेपणाने विश्वास ठेवतं. आणि झोपायला गेल्यावर अंदाजे वीस मिनिटांत झोप लागली नाही तर ऊठ. अंदाजे म्हणजे अंदाजे, घड्याळात बघायचं नाही. खुर्चीत बस, मंद दिव्यात एखादं कंटाळवाणं पुस्तक घे. तुझ्या अभ्यासक्रमात सापडेलच. डोळे जड झाले की परत. पुन्हा नाही लागली, पुन्हा ऊठ. पहिल्या रात्री चार वेळा उठावं लागेल, आणि पाचव्या दिवशी तू मला शिव्या देशील. दे.

तो 'सहा तास, पाच तास वीस मिनिटं' हिशेब मात्र आजपासून बंद. घड्याळ पाहिल्याशिवाय हिशेब करता येत नाही, म्हणून फोन हात पोचणार नाही असा ठेव. पाच अलार्मऐवजी एकच लाव, तोही खोलीच्या दुसऱ्या टोकाला. पाच अलार्म म्हणजे पहिले चार खोटे आहेत हे तूच स्वतःला आदल्या रात्री सांगून ठेवतेस. आणि झोप लावायचा प्रयत्न सोड. जगातल्या बहुतेक गोष्टी प्रयत्नाने जमतात, ही एक प्रयत्न केला की लांब पळते. उलटा प्रयोग करून बघ. अंधारात डोळे उघडे ठेवून पडायचं आणि मनात म्हणायचं, मला आज जागंच राहायचंय, बघू किती वेळ जमतं. याला उपचारातही जागा आहे. माझ्या ओळखीच्या एका मुलीला हे सांगितलं तेव्हा तिने माझ्याकडे दयेने पाहिलं होतं. आठवड्याने म्हणाली, एकदाही दहा मिनिटांच्या वर जागी राहू शकले नाही.

फोनबद्दल तू माझ्याकडून रागवून घ्यायच्या तयारीने बसली असशील. स्क्रीनच्या निळ्या उजेडाचा जरा बाऊच झालाय, असं माझं मत. 2014 मध्ये एक प्रयोग झाला होता. त्यात लोकांना पाच रात्री झोपण्याआधी चार तास उजळ स्क्रीनवर वाचायला लावलं. छापील पुस्तक वाचण्याच्या तुलनेत झोप लागायला साधारण दहा मिनिटं जास्त लागली. दहा मिनिटं. तुझे तीन तास त्या उजेडाने चोरलेले नाहीत. ते गेलेत त्या स्क्रीनवर जे चालू असतं त्यात, आणि ते का चालू असतं हे मला महत्त्वाचं वाटतं. दिवसभर तू लेक्चरची, सबमिशनची, ग्रुप प्रोजेक्टची असतेस. रात्री बारानंतर तुला कोणी हाक मारत नाही, कोणी मार्क देत नाही. तो तास तुला सोडवत नाही, कारण दिवसातला तो एकच तुझा असतो. अशा माणसाला 'फोन ठेव' सांगणं म्हणजे त्याच्या ताटातला एकुलता घास काढून घेणं. तेव्हा फोन ठेवण्याआधी तो तास दिवसात कुठेतरी हलव. संध्याकाळी सात ते आठ, अपराधी न वाटता, कार्यक्रमात लिहून ठेवलेला. व्हिडिओ बघ, गप्पा मार, काहीही कर. रात्रीवरचा भार त्याने कमी होतो.

आणि झोपण्याआधी पाच मिनिटं कागद-पेन. उद्या काय काय करायचं आहे ते लिही, जितकं बारीक तितकं बरं. 'अभ्यास' असं लिहू नकोस, 'तिसऱ्या प्रकरणाच्या पहिल्या दोन उदाहरणांची आकडेमोड' असं लिही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 57 तरुणांपैकी निम्म्यांना अशी यादी लिहायला सांगितलं आणि निम्म्यांना झालेल्या कामांची. पुढच्या कामांची यादी करणाऱ्यांना सरासरी नऊ मिनिटं आधी झोप लागली. प्रयोग छोटाच, पण कागद आणि पाच मिनिटं एवढाच खर्च आहे.

वाचलेलं लक्षात राहत नाही म्हणालीस. राहणार कसं? 1924 साली कॉर्नेल विद्यापीठात दोन संशोधकांनी दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला दिली. कधी पाठांतरानंतर झोपू दिलं, कधी जागं ठेवलं. तेवढेच तास गेल्यावर झोपून उठलेल्याला कितीतरी जास्त आठवत होतं. शंभर वर्षांत हीच गोष्ट वेगवेगळ्या तऱ्हांनी पुन्हा पुन्हा दिसली आहे. दिवसभर वाचलेलं पक्कं करण्याचं काम मेंदू झोपेत करतो, आणि स्वप्नांची झोप तर रात्रीच्या शेवटच्या टप्प्यात सर्वांत जास्त असते, तू अलार्मने तोडतेस त्याच टप्प्यात. आणखी एक प्रयोग मला भीतीदायक वाटतो. 2003 साली काही निरोगी लोकांना 14 दिवस रोज सहा तासच झोपू दिलं. शेवटी लक्ष आणि स्मरण यात ते एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्यांइतके मागे पडले होते. पण त्यांना विचारलं तर म्हणत, थोडी पेंग येते, बाकी ठीक आहे. आपण किती घसरलोय हे मोजणारा काटाच बिघडतो. आता मागे बसणारी ती शाळेतली हुशार मुलगी कुठे गेली नाही, तिला बऱ्याच दिवसांत झोपू दिलेलं नाही. मी स्वतः एकदा रात्रभर जागून पेपरला गेले होते. प्रश्न नीट वाचला असं मला आजही वाटतं, पण उत्तर लिहून आले ते पेपरात नसलेल्याच प्रश्नाचं. फार सुंदर उत्तर होतं ते.

छातीतली धडधड. परीक्षेच्या भीतीने अंगात अ‍ॅड्रिनलिन उसळतं, वर दिवसभराची कॉफी. दोन्ही मिळून धडधडणारच. श्वास आत घेण्यापेक्षा सोडायला दुप्पट वेळ लाव, चार मोजत आत, आठ मोजत बाहेर, पाचेक मिनिटं. कॉफी कमी करूनही दोन-तीन आठवड्यांत धडधड राहिली, किंवा तिच्यासोबत चक्कर, दम लागणं असं काही झालं, तर डॉक्टरकडे जा. थायरॉइड किंवा रक्त कमी असणं यानेही असं होतं आणि ते साध्या तपासणीत कळतं.

डॉक्टरकडे तसंही जायला सांगणार आहे. आठवड्यातून तीन रात्री झोपेचा त्रास, असे तीन महिने गेले की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात. तुझे सहा झाले. तू शनिवार-रविवारी दोनपर्यंत गाढ झोपतेस, त्यावरून मला वाटतं की तुझं अर्धं दुखणं उशिराकडे सरकलेल्या घड्याळाचं आहे आणि अर्धं त्या पलंगाच्या सवयीचं. पण मी काही तुला तपासलेलं नाही. कॉलेजचा समुपदेशक असेल तर तिथून सुरुवात कर. आणि दोन आठवड्यांहून जास्त दिवस, बहुतेक वेळ, उदास वाटत असेल, पूर्वी आवडणाऱ्या गोष्टींत मन लागत नसेल, तर ते पहिल्याच भेटीत, पहिल्याच वाक्यात सांग. मला सांगितलंस तसं मध्येच लपवून नको. नैराश्यात झोप बिघडते आणि झोप बिघडली की नैराश्य वाढतं, मग एकट्या झोपेला धरून चालत नाही.

आजीची गोळी परत कर. ती आजीच्या वयाला, आजीच्या दुखण्याला, आजीच्या बाकीच्या औषधांकडे बघून दिलेली आहे. ती नेमकी कोणती हे तुलाही माहीत नाही आणि मैत्रिणीलाही. काही गोळ्यांची गुंगी दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहते, काहींची सवय लागते, काही दारूसोबत पोटात गेल्या तर श्वास मंदावतो. जुनाट निद्रानाशावर डॉक्टरांच्या संघटनासुद्धा आधी वर्तनोपचार करा म्हणतात. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने 2016 मध्ये तसं स्पष्ट लिहिलं. वर मी तुला जे सांगितलं ते त्याच उपचाराचे तुकडे आहेत. पूर्ण उपचार जाणकार माणसासोबत काही आठवड्यांत होतो.

बुडालेल्या लेक्चर्सचं काय करायचं ते लवकर विचार. सत्राच्या शेवटी गेलीस तर ते कारण वाटतं, आत्ता गेलीस तर अडचण वाटते. शिक्षकांना एवढंच सांग, झोपेचा त्रास आहे, उपचार सुरू करतेय. मागच्या बाकावरून एकदम पुढे येऊ नकोस, मधल्या रांगेत बस.

परीक्षेच्या आठवड्यात हे सगळं मोडेल, तेही आत्ताच सांगून ठेवते. एखादी रात्र दोनपर्यंत जागशील. जाग. सात मात्र सोडू नकोस, बाकीचं आपोआप जाग्यावर येतं.

राहिली आई. तिच्याशी रोज सकाळी खोटं बोलण्याचा तुला त्रास होतोय हे तुझ्या पत्रात दिसतंच. झोप लागत नाही हे तिला सांग. सगळं नको, एवढंच सांग. आणि फोन बरोबर सातला करायला सांग. लवकर उठण्याबद्दल ती भाषण देईल, ते ऐकून घे आणि बोलत बोलत खोलीबाहेर ये, जिना उतर, उघड्यावर जाऊन उभी राहा. 'लेक्चरला चाललेय' हे वाक्य तुला पाठच आहे. ते तिथून म्हण.

तुझी,
ताई

ता. क. ड्रॉवर रिकामा झाला की कळव. मेल दुपारी पाठव.